फक्त पहिले दोन शब्द

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार-खिडकीवर बसते. नळाला पाणी आलं नाही, आलं तर गढूळ आलं, गढूळ आलं तरी बिल मात्र वेळेवर आलं, असं सांगायला रोज साठ-सत्तर माणसं माझ्यासमोर येऊन ओरडतात आणि मी ‘लिहून घेतलंय’ म्हणते. लोकांचा राग ऐकून घेण्याचाच मला पगार मिळतो. माझा स्वतःचा राग मी घरी नेते, आणि घरच्यांच्या मते तो कायम माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माझे वडील नाटकात प्रॉम्प्टर होते. आमच्याकडच्या जुन्या नाट्यगृहात रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, एक चौकोनी खळगा होता आणि त्यावर शिंपल्यासारखं लाकडी झाकण होतं. त्या झाकणाखाली नटांकडे तोंड आणि प्रेक्षकांकडे पाठ करून बाबा एकतीस वर्षं बसले. मांडीवर वही, शेजारी छोटा दिवा, बुडाखाली आईनं शिवलेली उशी. नट विसरला की वाक्याचे पहिले दोन शब्द द्यायचे. दोनच. जास्त दिले तर नट अडखळतो, कमी दिले तर घाबरतो. आणि दिले की लगेच मान खाली घालून पुढच्या ओळीवर बोट ठेवायचं, कारण जो एकदा विसरला तो पुन्हा विसरणारच. काम चालू असताना प्रॉम्प्टरशी कुणी बोलायचं नाही, आग लागली तरी. हे सगळं मला पाठ आहे, कारण घरी ते वही घेऊन सराव करत तेव्हा नटाच्या जागी मी असायचे.

जित्याची खोड म्हणतात ती अशी, की घरातही कुणी बोलताना थांबलं की बाबा पुढचे दोन शब्द द्यायचे. आई म्हणायची, या माणसाशी धड भांडताही येत नाही, शिवी आठवायला थांबलं तर तीही हाच पुरवतो. ती हसून म्हणायची, पण एकदा खरोखर भांडताना बाबांनी तिला शब्द पुरवला आणि ती चार दिवस बोलली नव्हती.

त्या नाट्यगृहाचं गाजलेलं संगीत नाटक म्हणजे नावाड्याचं. म्हाताऱ्या नावाड्याची मुलगी रुसून नदीपलीकडे निघून जाते. तिला परतीची वाट दिसावी म्हणून तो रोज संध्याकाळी काठावर दिवे लावतो. तीन अंक तो दिवे लावतो आणि ती येत नाही. शेवटी तो म्हणतो, “दिवे मालवा सगळे, ती अंधारातच घर ओळखते.” या वाक्यावर रंगमंचावरचे आणि प्रेक्षागृहातले सगळे दिवे जात आणि लोकांच्या डोक्यावरच्या घुमटात शेकडो बारीक चांदण्या लागत. लांबून मुलीच्या गाण्याचं धृपद ऐकू येई. ते एकदा पुरं होईपर्यंत चांदण्या, मग पडदा. चांदण्या लागल्या की सातशे माणसं एकदम ‘आह’ म्हणत.

तो ‘आह’ बाबांनी एकतीस वर्षं पाठीवर ऐकला. चांदण्या एकदाही पाहिल्या नाहीत. डोक्यावर झाकण, आणि घुमट मागे. दिवेवाल्यानं एकदा सांगितलं होतं, सकाळी या, रिकाम्या थिएटरात लावून दाखवतो. बाबा म्हणाले तसं नको, बघायच्या तर नाटकासकट बघीन. आईनं ते नाटक अकरा वेळा पाहिलं होतं. घरी आल्यावर बाबा दर वेळी विचारायचे, कसं दिसतं गं, आणि ती दर वेळी एकच सांगायची, “आभाळ खाली उतरतं हो. केसांना लागेल म्हणून मी मान वाकवते.”

मग नाट्यगृहाचं छत गळायला लागलं आणि ते बंद झालं. अठरा वर्षं बंद होतं. तेवढ्यात बाबा म्हातारे झाले आणि आई गेली. यंदा दुरुस्ती होऊन ते उघडलं, आणि उद्घाटनाला तेच नाटक बसवलं. तीनच प्रयोग. तिसऱ्या, रविवारी दुपारच्या प्रयोगाची तिकिटं दादाला त्याच्या विमा कचेरीतल्या साहेबांकडून मिळाली. बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी आठ दिवस आधी कोट काढून उन्हात टाकला. मला म्हणाले, “एवढं एकदा बघितलं की झालं.” यापेक्षा जास्त त्यांनी आयुष्यात आमच्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

आमच्या जागा मधल्या रांगेत, बरोबर घुमटाखाली होत्या. कडेला मी, मग बाबा, मग दादा, मग वहिनी, आणि वहिनीपलीकडे साहेब आणि त्यांच्या बाई. दादानं बाबांना दारातच बजावलं होतं की साहेब शेजारी आहेत, जरा सांभाळून. मी बाबांना पेपरमिंटची गोळी दिली. तोंडात गोळी असली की शब्द अडेल असा माझा हिशोब होता.

बाबांनी बसल्या बसल्या आधी आपली जागा शोधली. खळगा बुजवला होता आणि वर नव्या फळ्या ठोकल्या होत्या. पडदा वर गेला आणि नावाडी आला, तर तो जुनाच नट. पूर्वी त्याला या भूमिकेसाठी पांढरा विग लावावा लागे, आता लागत नव्हता. बाबा त्याला विसरभोळे म्हणत. त्याचं प्रत्येक तिसरं वाक्य माझं असायचं, असं ते कौतुकानं सांगत, तक्रार म्हणून नाही.

पहिल्या अंकात दहा मिनिटांनी विसरभोळे म्हणाला, “मी वाट बघेन,” आणि थांबला. नदीकडे बघत उभा राहिला. नव्या दिग्दर्शकानं तिथे शांतता घातली होती. हल्ली म्हणे शांततेतच सगळा अभिनय असतो. पण बाबांच्या काळात रंगमंचावर कुणी थांबत नसे. थांबला म्हणजे विसरला.

“पण नाव,” बाबा म्हणाले.

त्यांचा तो आवाज मी अठरा वर्षांनी ऐकला. मोठा नव्हे, खर्जातला, वाद्यांच्या खालून सरकत जाणारा. पुढच्या पाच रांगांतल्या माना मागे वळल्या. बाबा ओशाळले. “निघून गेलं गं तोंडातून,” असं मला म्हणाले आणि गोळी कडकन चावून टाकली. मी दुसरी दिली. त्यानंतर त्यांनी तळहात तोंडावर दाबून धरला, आणि पहिला अंक आणखी एकदाच शब्द निसटू देऊन निभावला.

दुसऱ्या अंकात, नदीपलीकडे, मुलीवर प्रेम करणारा तरुण येतो. तो तिचा हात धरून म्हणाला, “माझं तुझ्यावर,” आणि थांबला. लाजून थांबला होता, हे सातशे लोकांना कळलं. एका माणसाला नाही.

“प्रेम आहे,” बाबांनी दिले.

थिएटर खदाखदा हसलं. साहेबही हसले आणि वाकून कोण ते बघू लागले. तो तरुण लालबुंद झाला. आणि डोअरकीपर बाई आली, हातात टॉर्च. तिनं तो सरळ बाबांच्या डोळ्यांवर मारला, जणू ते तिकीट न काढता घुसले होते. तिनं विचारलं, यांच्याबरोबर कोण आहे? दादा त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसला होता. त्यानं मान खाली घातली आणि कार्यक्रमपत्रिका वाचायला घेतली. काळोखात. मूग गिळून बसलेली माणसं मी खूप पाहिली आहेत, पण काळोखात वाचणारा माझा भाऊ पहिलाच.

“मी आहे,” मी म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मध्यंतरात आम्हाला बाहेरच्या दालनात नेलं. तिथे व्यवस्थापक उभा होता, तिशीतला, गळ्यात ओळखपत्र. फार नम्र. नम्र माणसाशी भांडण्याइतकं अवघड काम नाही, हे मला माझ्या खिडकीवरून माहीत आहे, कारण तिथे नम्र मी असते. तो म्हणाला, आजोबांना त्रास होतोय, त्यांना इथेच बाकावर निवांत बसू दे. मी सांगितलं, त्रास त्यांना नाही, तुम्हाला होतोय, आणि हे आजोबा या नाटकाचे एकतीस वर्षं प्रॉम्प्टर होते. तो म्हणाला, अरे वा. खरोखर आनंदला. आणि आम्हाला एका काचेच्या कपाटापाशी घेऊन गेला.

कपाटात बाबांचं झाकण होतं. त्यांचा दिवा होता. आईनं शिवलेली उशी होती. खाली छापील पट्टी: ‘जुन्या काळातील प्रॉम्प्टरची पेटी’. बाबा काचेजवळ वाकले. मग म्हणाले, “उशी उलटी ठेवलीय.”

“आम्ही सगळं जपलंय,” व्यवस्थापक म्हणाला. “आता गरज पडत नाही म्हणा. आमच्या नाटकात कुणी विसरत नाही.”

गरज सरो वैद्य मरो, हे निदान समजू शकते. इथे वैद्याची उशी काचेत आणि वैद्य बाकावर. मी त्याला विचारलं की ज्या माणसाच्या बुडाखालची उशी तुम्ही दाखवायला ठेवता, त्याला आत बसू देत नाही, हे कुठलं जपणं? माझा आवाज चढला होता. आजूबाजूचे लोक सरबताचे पेले हातात धरून बघत होते. त्यांत दादा-वहिनीही होते, साहेबांसोबत, खांबापलीकडे. बाबांनी माझी बाही ओढली. “त्याचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “प्रयोग चालू असताना बोलायचं नसतं.” मग त्यांनी व्यवस्थापकाला विचारलं, शेवटाला दोन मिनिटं आत सोडाल का, तेवढंच बघायचं आहे, तोंडावर रुमाल बांधतो हवा तर. व्यवस्थापक म्हणाला, तिसऱ्या अंकात आम्ही दारं उघडत नाही, नियम आहे, तरी बघू.

‘बघू’ या शब्दाचा अर्थ मला कुणी शिकवायला नको. मी तो दिवसातून चाळीस वेळा वापरते.

घंटा झाली. मी म्हणाले, बाबा, आपण घरी जाऊ. ते म्हणाले, “नाही. तू आत जा. बघ आणि मला येऊन सांग. आता सांगायला तूच आहेस.” एवढं बोलून ते आपल्या झाकणाशेजारच्या बाकावर बसले, कोटाची बटणं लावून, हात गुडघ्यांवर ठेवून. मी गेले. दादाच्या शेजारी बसायची माझी इच्छा नव्हती, म्हणून मी अगदी मागे, बाल्कनीखालच्या भिंतीला टेकून उभी राहिले. दोन हातांवर व्यवस्थापक दाराची मूठ धरून उभा होता. तिथून घुमट दिसत नाही. त्यासाठी वाटेवरून दहा-बारा पावलं पुढे यावं लागतं.

तिसरा अंक मी पाहिला असं म्हणता येणार नाही. मी मनात भांडत होते. दादाला काय बोलायचं, कोणत्या क्रमानं बोलायचं, वहिनीसमोर की वेगळं घेऊन. नटमंडळी गात होती आणि मी शब्दांना धार लावत होते. शेवटचा प्रवेश आला तेव्हा मी भानावर आले. काठावर दिव्यांची रांग. विसरभोळे एकटा. वाद्यं हळू आवाजात तोच तुकडा वाजवू लागली. त्या तुकड्यावर त्यानं वाक्य म्हणायचं असतं. तो म्हणेपर्यंत वादक तुकडा फिरवत राहतात.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तो नदीकडे बघत होता. लोकांना वाटलं, काय शांतता आहे. तिसऱ्या फेरीला त्यानं मान खाली केली आणि रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, नव्या फळ्यांकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं. तो अठरा वर्षांपूर्वीच्या सवयीनं तिथे बघत होता, आणि तिथे फळ्या होत्या.

चौथी फेरी. विंगेतून कुणी काही फुसफुसलं, दुसऱ्या विंगेतून दुसऱ्यानं दुसरंच. त्याचा चेहरा गोंधळला. पाचवी. लोक खुर्च्यांत हलायला लागले. माझ्या शेजारी व्यवस्थापकाच्या कपाळावर घाम आला होता. “विसरला,” तो स्वतःशीच म्हणाला.

“तुमच्या नाटकात कुणी विसरत नाही,” मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला येतंय का पुढचं?”

“येतंय.”

“मग सांगा ना, मॅडम. प्लीज. ओरडून सांगा.”

मला ते वाक्य दहा वर्षांची असल्यापासून पाठ होतं. आवाजही चांगला आहे माझा. मी म्हणाले असते तर झालं असतं, आणि बाबांना फक्त हात धरून आत आणलं असतं तर ते रिकाम्या हातांनी घुमटाखाली उभे राहिले असते. हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मला एकच दिसत होतं, काचेतली उशी.

“मी नाही सांगणार,” मी म्हणाले. “ज्यांचं काम आहे ते बाहेर बाकावर बसलेत. जा आणि बोलवा त्यांना.”

अडला हरी म्हणतात. त्यापुढची म्हण मी म्हणत नाही, कारण पुढचा शब्द माझ्या बापाला लागतो. व्यवस्थापक धावला. दार उघडलं, तिसऱ्या अंकात, नियम मोडून. त्यानं बाबांचा दंड धरून त्यांना आत आणलं आणि मी विजयी झाले. तोंडात साखर पडावी तसा तो राग मला गोड लागत होता, हे मी लपवत नाही.

बाबांनी तुकडा ऐकला आणि त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांची पाठ ताठ झाली. ते वाटेवरून पुढे निघाले, एक, दोन, पाच, दहा पावलं. डावा हात वही धरल्यासारखा समोर आला. ते थांबले, फेरी संपायची वाट पाहिली, आणि दोन सुरांमधल्या फटीत आवाज सोडला.

“दिवे मालवा.”

विसरभोळे जागचा हलला नाही, पण त्याचे खांदे सैल झालेले तिथूनही दिसले. “दिवे मालवा सगळे,” तो म्हणाला, “ती अंधारातच घर ओळखते.” दिवे गेले.

आणि सातशे माणसं ‘आह’ म्हणाली.

बाबा वाटेच्या मधोमध उभे होते, बरोबर घुमटाखाली. त्यांच्या पांढऱ्या केसांवर बारीक उजेड पडला होता. त्यांनी मान खाली घातली होती. उजव्या हाताचं बोट डाव्या तळहातावर ठेवून ते पुढच्या ओळीची वाट बघत होते.

मी पळत गेले. “बाबा, वर बघा,” मी म्हणाले. “बाबा, वर.” त्यांनी बोट न हलवता दुसऱ्या हातानं मला गप्प बसायची खूण केली. काम चालू असताना प्रॉम्प्टरशी बोलायचं नाही. कडेच्या खुर्चीतली बाई मला शुक् म्हणाली. मी त्यांच्या हनुवटीला हात लावला तर त्यांनी तो चिडून झटकला. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर चिडले. लांबून मुलगी गात होती. धृपद एवढुसं आहे. ते पुरं झालं, चांदण्या विझल्या आणि पडदा पडला.

टाळ्या खूप वेळ चालल्या. विसरभोळेनं पुढे येऊन अंधारात बघत कपाळाला हात लावला. व्यवस्थापकानं बाबांचे दोन्ही हात धरून हलवले. माझा भाऊ साहेबांना घेऊन आला आणि म्हणाला, “हे माझे वडील.” तिसरा अंकभर मी ज्या शब्दांना धार लावली होती, ते सगळे त्या क्षणी माझ्या जिभेवर होते. मी एकही उच्चारला नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढायला मला नेहमी आवडतं, पण आज वडा कोण आणि वांगं कोण तेच मला कळेना. दादानं त्यांना ओळख दिली नव्हती, व्यवस्थापकानं बाहेर बसवलं होतं. पण त्यांच्या हातात ती वही मी ठेवली होती.

बाहेर पायऱ्यांवर अजून ऊन होतं. बाबा खुशीत होते. चाल बदलली होती त्यांची. “आजचा ‘आह’ मोठा होता,” ते म्हणाले. “पुढून ऐकला ना, म्हणून असेल.” मग मला कोपरानं ढोसून विचारलं, “तू बघितल्यास ना? कशा दिसतात सांग.”

मी काय सांगणार? मी त्यांच्याकडे बघत होते. चांदण्या मीही पाहिल्या नव्हत्या. मी तोंड उघडलं आणि काही येईना. पायऱ्यांवरून लोक बाजूनं उतरत होते. मी थांबले तसे तेही थांबले, मान थोडी वाकडी करून, माझ्या ओठांकडे बघत.

मग त्यांनी हळूच दिले, खर्जात, फक्त मला ऐकू येतील असे.

“आभाळ खाली.”

मला राग आला होता. दादाचा, त्या काचेचा, माझा. पण ते बघत होते, म्हणून मी वाक्य पुरं केलं.